मीठ, कोळसा आणि तांब्याची पट्टी

आधीच सांगते, माझं अक्षर वाईट आहे. चौथीला शाळा सुटली ती सुटलीच. ऱ्हस्व कुठलं आणि दीर्घ कुठलं हे तेव्हाही कळत नव्हतं, आता तर हातही कापतो. ओळी वर चढतात नाहीतर खाली घसरतात. त्याबद्दल माफी असावी. पण तेवढ्याचीच. पुढे जे लिहिणार आहे त्यातल्या कशाची मी माफी मागणार नाही. तेव्हा मागितली नाही, आता कशाला मागू?

ही वही मी पत्र्याच्या पेटीत तळाला ठेवते. ज्या वहीत मालकांनी मला कामाचे नियम लिहायला लावले होते, तीच ही वही. मागची पानं कोरी राहिली होती. त्यांवर हे लिहिते आहे.

मालक म्हणजे माझे यजमान. पंधरा वर्षं लष्करात होते. तिथल्या वर्कशॉपमध्ये फ्रिज आणि एअरकंडिशन दुरुस्त करायला शिकले. सुटायच्या वर्षी पंख्याच्या पात्यात उजवा हात गेला. बोटं राहिली, पण अंगठा आणि पहिलं बोट सोडलं तर बाकीची वाकत नव्हती. पंच्याहत्तर सालाच्या आगेमागे त्यांनी सांगलीत एका बोळात दुकान टाकलं. तेव्हा सांगली-साताऱ्याकडे घरात एअरकंडिशन असणारी माणसं बोटावर मोजण्याएवढी. डॉक्टर, एखादे वकील, हळदीचे मोठे व्यापारी. काम कमी, पण फ्रिज होते, आइसकँडीचे कारखाने होते, चालून जायचं.

हाताखाली गडी टिकत नव्हते. मालक लष्करी, दहा वाजता म्हणजे दहा वाजता. एकजण गेला, दुसरा गेला, तिसऱ्याच्या वेळी मालक मला म्हणाले, "तूच ये. भाकरी थापणाऱ्या हाताला स्क्रू काय अवघड हाय?"

अवघड नव्हताच. अवघड होतं ते परक्याच्या घरात शिरणं. मी पलूसकडच्या खेड्यातली. परक्या माणसापुढे माझ्या तोंडातून शब्द फुटत नसे. डोक्यावर पदर घ्यायचा, मान खाली घालायची आणि काम करायचं. मालक बोलणार, मी हात चालवणार. साताऱ्याला एका डॉक्टरांकडे दोन दिवस काम चाललं होतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी हळूच विचारलं, "हिला बोलता येत नाही का हो?"

मालक म्हणाले, "एकदा आमच्या घरी या."

त्याच घरी मी पहिला नियम शिकले. सुताराने खिडकीत मशीन बसवायची चौकट केली होती. मालकांनी ती मागच्या बाजूला अर्धं बोट खाली करायला लावली. सुतार चिडला. पाणसळ चौकटीवर ठेवून म्हणाला, "बघा, बुडबुडा मधी हाय का न्हाई? तीस वर्सं झाली, माझी पाणसळ चुकली न्हाई."

"तुमची पाणसळ बराबर हाय," मालक म्हणाले. "पण मशीनला घाम येतो. तो घाम बाहेर पडाय पायजे. सरळ बसवलं तर पाणी आत, डॉक्टरांच्या गादीवर. मग लोक तुमाला इचारणार न्हाईत, मला इचारणार."

संध्याकाळी त्यांनी ही वही आणली आणि मला लिहायला सांगितलं. मशीन बाहेरच्या अंगाला अर्धं बोट झुकतं. असे नियम वाढत गेले. मशीनची पाठ बंद गॅलरीत नको, तिला मोकळी हवा पाहिजे. मीटरपासून वेगळी जाड वायर ओढायची, दिव्याच्या जुन्या वायरवर मशीन टाकायचं नाही. चौकट आणि पत्रा यांच्यामध्ये रबर, नाहीतर रात्रभर खडखड. काम झाल्यावर मशीन दोन तास चालवून तिथंच बसायचं, चहा पिऊन पळायचं नाही. जाळी कशी धुवायची ते घरच्या बाईला दाखवायचं, पुरुषाला दाखवून उपयोग नाही. गवंड्याने पाडलेला चुना आपण झाडून निघायचं. आणि अर्थिंग केल्याशिवाय वीज जोडायची नाही. ह्या ओळीखाली मालकांनी स्वतः दोन रेघा ओढल्या होत्या, त्या वाकड्या हाताने.

अर्थिंग काय ते मला त्यांनी असं सांगितलं. मशीनचं अंग लोखंडाचं. आतली एखादी वायर खरचटली की वीज त्या अंगात येते. तिला जमिनीत जायला वाट ठेवली तर ती तिकडे जाते आणि फ्यूज उडतो. वाट नसली तर जो हात लावील तोच तिची वाट. म्हणून परड्यात छातीएवढा खड्डा घ्यायचा, तळाला तांब्याची पट्टी उभी करायची, मीठ आणि कोळसा यांचे थर द्यायचे आणि पट्टीपासून मशीनपर्यंत तांब्याची तार न्यायची. ती जागा ओली राहिली पाहिजे. कोरड्या मातीत वीज जात नाही.

मग आलं हळदीच्या शेठचं काम.

शेठचं घर पेठेत, जुनं आणि मोठं. वैशाखात मुलाचं लग्न होतं. नव्या जोडप्याच्या खोलीत एअरकंडिशन बसवायचं, व्याही साताऱ्याचे, त्यांना दिसलं पाहिजे. मशीन शेठनी मुंबईहून लॉरीने आणवलं. वायर, चौकट, स्टॅबिलायझर, अर्थिंग आणि मजुरी मिळून त्यांनी आम्हाला आठशे रुपये आधीच दिले. एवढी रक्कम आमच्या हातात कधी आली नव्हती.

अर्थिंगच्या दिवशी मालक आत वायर ओढत होते आणि खड्डा माझ्याकडे होता. मी परडं फिरून बघितलं. तुळशीकट्ट्याच्या अंगाला माती ओली होती. शेठच्या आई रोज सकाळी तुळशीला तांब्या घालायच्या, तेच पाणी तिथं मुरत होतं. मी मनात म्हटलं, ह्यापेक्षा चांगली जागा मिळायची नाही. आपण पाणी घालायला नको, म्हातारी आपोआप घालील. मला माझ्या अकलेचं कौतुक वाटलं.

दुपारची वेळ, घर झोपलं होतं. कुणाला विचारायचं म्हणजे बोलावं लागणार, म्हणून मी विचारलं नाही. गुपचूप खड्डा खणला, पट्टी ठेवली, मीठ, कोळसा, परत मीठ, परत कोळसा. वर माती ओढून पायाने दाबली. तार भिंतीकडेने आत सोडली. आणि घरी आले. त्या दिवशी अमावास्या होती हे मला नंतर कळलं.

तिसऱ्या दिवशी आम्ही जोडणी करायला गेलो तर तार भिंतीपाशी कापलेली. परड्यात तुळशीशेजारी शेणाचा सडा आणि त्यावर हळदकुंकू. शेठच्या आई दारात उभ्या. पांढरं लुगडं, हातात जपमाळ.

"हीच ती," त्या म्हणाल्या. "अवसंच्या भर दुपारी माझ्या तुळशीच्या मुळाशी मीठ न् कोळसं पुरून गेली. लगीनघरात करणी करायला कुणी धाडलं गं तुला, बये?"

मी खाली बघत राहिले.

"आवं आजी, ती करणी न्हाई, अर्थिंग हाय," मालक म्हणाले.

"करणीला इंग्लिशमधी काय म्हंत्यात ते मला शिकवू नगंस. तांब्याची पट्टी हुती आत. पट्टीला तार. मी सगळं काढून कृष्णामाईत टाकून आले."

आमची तांब्याची पट्टी नदीत गेली होती. ह्यात चूक माझी होती, हे मी आजही मानते. दोन शब्द बोलले असते तर एवढं झालं नसतं.

शेठ बाहेर आले. त्यांना अर्थिंग म्हणजे काय ते ठाऊक होतं, पण आईपुढे बोलायचं नव्हतं. मालकांना बाजूला घेऊन म्हणाले, "जाऊ द्या ते अर्थिंग. लग्नाला दहा दिवस राहिलेत. म्हातारीला आता परत खड्डा दाखवला तर ती लग्न मोडील. तसंच जोडा."

मालकांनी तपासायला क्षणभर वीज दिली आणि टेस्टर मशीनच्या अंगाला लावला. टेस्टरमधला बारका दिवा लागला. म्हणजे अंगात वीज उतरत होती. लॉरीत धक्के खाऊन आत काहीतरी खरचटलं असणार. मालकांनी शेठना ते दाखवलं. तेवढ्यात फरशी पुसणारी बाई म्हणाली, "व्हय, काल शेठनी असंच लावून बघितलं तवा मला बी झिणझिण्या आल्या."

"थोडं असतंच तसं," शेठ म्हणाले. "बरं, नळाला बांधा ती तार. नळ जमिनीतच गेलाय ना? शेजारच्यांनी फ्रिजला तसंच केलंय. त्यांनी कुठं मीठ पुरलं?"

मालकांनी टेस्टर खिशात घातला. त्यांच्या मनात काय चाललंय ते मला कळत होतं. आठशेपैकी साडेसहाशे खर्च झाले होते. त्यांनी वायरकडे बघितलं, नळाकडे बघितलं, आणि म्हणाले, "बघू. सध्यापुरतं काहीतरी करता येईल."

"न्हाई," मी म्हणाले.

परक्या घरात मी बोललेला तो पहिला शब्द. सगळे माझ्याकडे वळले. मालकसुद्धा.

शेठ हसले. "अरे, बाई बोलतात की. काय नाही?"

तोंड उघडलं होतं आणि आता ते मिटेना. "मशीनमधली वीज नळात गेली तर त्या नळाखाली उद्या तुमची नवी सून आंगोळ करंल. ओल्या केसांनी. नळाला आमी बांधणार न्हाई. आन् तसंच बी जोडणार न्हाई."

"किती शिकलात बाई?"

"चौथी."

"आणि मला शिकवताय?"

"मला मालकांनी शिकवलंय. त्यांनी दोन रेघा मारून दिल्यात."

शेठना त्या रेघा काय ठाऊक? पण मालकांची मान खाली गेली. मी भिंतीपाशी गेले, आमच्या जोडणीतला फ्यूज काढला आणि पिशवीत टाकला. शेठचा चेहरा लाल झाला.

"मग माझे आठशे रुपये परत द्या. सगळे. वायर माझ्या भिंतीवर राहिली, चौकट राहिली, ते मला काही सांगायचं नाही. अर्ध्या कामाचे पैसे मी देत नाही."

"देऊ," मी म्हणाले.

"आणि पैसे आणायला हे मालक नकोत. ज्या तोंडाने नाही म्हणालात ना बाई, त्याच तोंडाने माझ्यासमोर येऊन मोजून द्यायचे."

मला बोलायची किती लाज वाटते ते त्यांनी ओळखलं होतं. म्हणूनच त्यांनी ही अट घातली. मी तिथंच पिशवीतून उरलेले दीडशे काढले आणि ओट्यावर मोजून ठेवले. मोजताना दोनदा चुकले.

दुकानाचं कुलूप काढताना मालक म्हणाले, "साडेसहाशे. कुठनं आणणार हायस?"

"कामातनं."

"आता कोण देतंय काम? पेठेत सगळीकडं हुईल, करणी करणारी बाई घिऊन फिरतोय म्हणून."

"तुमीच लिवून घेतलं माझ्याकडनं. मी खोडू का त्या दोन रेघा? सांगा, वही काढते."

त्यांनी कुलूप दाराच्या कडीला अडकवलं. मग म्हणाले, "नगं खोडू." रात्री जेवताना परत म्हणाले, "मी नळाला बांधली असती, माहीत हाय? खरंच बांधली असती."

"माहीत हाय. भाकरी घ्या."

पेठेत झालंच तसं. दोन ठिकाणची कामं गेली. एका घरी तर मला उंबऱ्याबाहेर थांबवून फक्त मालकांना आत घेतलं. मी बाहेर बसून राहिले, उठून गेले नाही. पलूसला एका आइसकँडीवाल्याचं मशीन बिघडलं होतं, त्याला करणीशी देणंघेणं नव्हतं, त्याला बर्फ पाहिजे होता. विट्याला एक सोनं गाळणारे गृहस्थ परमुलखातून उन्हाळ्याला गावी आले होते. तिकडे त्यांनी एअरकंडिशन बघितलं होतं, ते त्यांना घरी पाहिजे होतं. त्यांच्या घरी मी आधी त्यांच्या आईपाशी गेले. बोलायची सवय नव्हतीच. तरी म्हणाले, "आवं आई, मी आता परड्यात मीठ न् कोळसा पुरणार हाय. कशाला ते सांगते. तुमी पाट टाकून समोर बसा आन् बघा." त्या बसल्या. शेवटी त्यांनीच सांगितलं, कोळसा थोडा बारीक कर.

हा नियम मी वहीत माझ्या मनाने लिहिला, मालकांनी न सांगता. खड्डा खणण्याआधी घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईला सांगावं.

विट्याच्या कामातून अडीचशे रुपये बाजूला पडले. ते घेऊन मी शेठच्या घरी गेले. लग्न होऊन महिना झाला होता. शेठनी दुसऱ्या कुणाकडून मशीन जोडून घेतलं होतं, तेही अर्थिंगशिवाय. त्यांनी मला सोप्यात उभं केलं, हिशेबनीसासमोर पैसे मोजायला लावले आणि म्हणाले, "मशीन छान चालतंय बाई. कुणी मेलं नाही."

मी चारशे राहिले एवढंच म्हणाले आणि निघाले. मागच्या दाराशी नवी सून भेटली. साताऱ्याची, हातात अजून हिरवा चुडा. तिनेच हाक मारली.

"मावशी, तुम्हीच ना त्या? मशीन बसवणाऱ्या?"

"मीच ती करणीवाली."

ती हसली नाही. "त्याला हात लावला की कोपरापर्यंत मुंग्या येतात. मी सांगितलं तर म्हणतात, माहेरी असलं काही नव्हतं, म्हणून सवय नाही. मी आता काठीने बटण दाबते."

त्या क्षणी मला राग आला, पण तो तिच्या घरच्यांचा जेवढा, तेवढाच स्वतःचा. मी तेव्हा फ्यूज काढून घरी गेले, पैसे फेडायच्या मागे लागले. माझी अब्रू राहिली. पण मशीन तर ह्या पोरीच्या उशाशी चालूच होतं.

"उद्या दहा वाजता येते," मी म्हणाले. "तोवर मशीन बंद. काठीनं बी न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी आणि मालक दहाला दारात उभे. खांद्यावर कुदळ, पिशवीत नवी पट्टी, मीठ, कोळसा. शेठ दुकानात गेले होते. शेठच्या आई तुळशीपाशी होत्या. मला बघून त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"परत आलीस?"

"आले. आवं आजी, गेल्या खेपंला मी तुमाला न सांगता खणलं, ती माझी चूक. आज सांगून खणणार. दिवस बी बघून आले, आज अवस न्हाई."

"आन् मी नगं म्हटलं तर?"

"तरी खणणार. तुमी वरडा, माणसं गोळा करा. माणसांम्होरं खणीन."

सून पुढे आली आणि सासरी आल्यापासून बहुधा पहिल्यांदाच मोठ्याने बोलली, "आजी, मीच बोलावलंय त्यांना."

म्हातारीने आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग मिठाच्या पिशवीकडे. "करणीचं मीठ कुणी खात न्हाई," ती म्हणाली. "खाऊन दाव."

मी पिशवीत हात घातला आणि मूठभर मीठ तिच्यासमोर तोंडात टाकलं. खडेमीठ. डोळ्यांत पाणी आलं, पण थुंकले नाही. चावून गिळलं.

"आता कोळसा बी खाऊ का?"

म्हातारीच्या तोंडाची एक कड हलली. "कोळसा नगं. दात काळं हुतील. खण."

मालकांनी आत मशीन उघडलं. एक वायर पत्र्याच्या कडेला घासून उघडी पडली होती, ती बदलली. मी खड्डा भरत आणला. मग मालकांनी दिव्याचा होल्डर आणला, एक तार विजेला आणि दुसरी माझ्या खड्ड्यातून आलेल्या तारेला लावली. दिवा लख्ख पेटला. म्हातारी कितीतरी वेळ त्या दिव्याकडे आणि जमिनीकडे बघत होती.

"दुसरी तार नुसती मातीत हाय?"

"नुसती मातीत."

"माझ्या तुळशीखाली?"

"तुमी पानी घालता म्हणून लागला. माती कोरडी असती तर लागला नसता."

हे ऐकून ती बदलली. तांब्या उचलला आणि उरलेलं पाणी खड्ड्यावर ओतलं. पुढे मी ऐकलं की ती रोज दोन तांबे घालायची, एक तुळशीला, एक मशीनला, आणि कुणाला त्यावरून चालू देत नसे. टेस्टर मशीनच्या अंगाला लावला, दिवा लागला नाही. सुनेने आधी एक बोट लावलं, मग सगळा पंजा ठेवला. आम्ही दोन तास तिथंच बसलो, मग तिला जाळी धुवायला दाखवली आणि माती झाडून निघालो. मजुरी घेतली नाही. तिने द्यायचा प्रयत्न केला. मी म्हणाले, ह्या घराचे माझ्याकडे चारशे आहेत, ते फिटेपर्यंत इथला पैसा मला चालत नाही.

शेठना संध्याकाळी कळलं. ते काय म्हणाले ते मला माहीत नाही. पण दोन महिन्यांनी मी दोनशे घेऊन गेले तेव्हा हिशेबनीसाला त्यांनी आत पाठवलं होतं, आणि मोजतानाही ते दुसरीकडे बघत होते.

उरलेले दोनशे जमायला दिवाळी आली. ह्या वेळी शेठ बसले होते तिथून उठले. शेजारी त्यांच्या आई जपमाळ ओढत होत्या.

"बाई, राहू द्या ते," शेठ म्हणाले. "अर्थिंग तुम्हीच केलंत. मजुरी समजा. हिशेब मिटला."

सहा महिन्यांपूर्वी मी खाली बघून परतले असते. पैसे राहिले तर बरंच होतं, घरात दिवाळीचं तेलसुद्धा आणायचं होतं.

"तुमी सगळे म्हणाला हुता, शेठ," मी म्हणाले. "आन् तोंडानं मोजून द्या म्हणाला हुता. ती मजुरी मी सोडली, ती माझी मर्जी. हे पैसे तुमचे."

"घे रं तिच्याकडनं," म्हातारी माळ न थांबवता म्हणाली. "न्हाईतर ही परत मीठ खाईल."

मी दहाच्या वीस नोटा ओट्यावर एकेक करून ठेवल्या, मोठ्याने मोजत. एकदाही चुकले नाही. शेठनी वही उघडली, आमच्या नावाखाली आडवी रेघ मारली आणि वही माझ्याकडे फिरवली. मी ती वाचली. आठशे पूर्ण, असं लिहिलं होतं.